रंग न चढलेली गाठ

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आलेल्या बायोप्सीच्या फॉर्मवर एकच ओळ होती: 'यकृतात अनेक गाठी, कॅन्सर?' पेशंट तिशीतली, एका मुलीची आई. पोटात दुखतंय म्हणून खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली आणि यकृतभर गाठी निघाल्या. एएफपी (यकृताच्या कर्करोगात रक्तात अनेकदा वाढणारं प्रथिन) नॉर्मल, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. एएफपी नॉर्मल असूनही यकृताचा कर्करोग असू शकतो, त्यामुळे सर्जनना ठामपणे काही सांगता येत नव्हतं. सगळं त्या सुईएवढ्या तुकड्यावर येऊन ठेपलं होतं.

नशिबाने तुकड्याच्या एका टोकाला नेहमीचं यकृत होतं आणि दुसऱ्या टोकाला गाठ. गाठीतल्या पेशी यकृताच्याच, केंद्रकं लहान आणि एकसारखी, पण चरबीने गच्च भरलेल्या. शेजारच्या यकृतात चरबीचा टिपूसही नव्हता. पेशींना आधार देणाऱ्या रेटिक्युलिन तंतूंचं जाळं शाबूत होतं. कर्करोगात ते बहुधा विस्कटतं. कर्करोगात अनेकदा दिसणारं ग्लिपिकन-३ हे प्रथिनही निगेटिव्ह. म्हणजे ॲडिनोमा, यकृताच्या पेशींची साधी गाठ; कर्करोग नाही.

तरीही एवढं लिहून रिपोर्ट सोडणं मला पटत नाही, कारण सगळे ॲडिनोमा सारखे नसतात. काहींत बीटा-कॅटेनिन बिघडलेलं असतं. एरवी पेशी हे प्रथिन वेळच्या वेळी मोडीत काढते. त्याच्या जनुकात ठरावीक ठिकाणी बदल झाला, की ते मोडलं जात नाही, केंद्रकात शिरून साचतं आणि पेशीची वाढ करणारी जनुकं चालूच ठेवतं. यकृताच्या प्राथमिक कर्करोगातल्या साधारण ३० टक्के गाठींत हाच बिघाड सापडतो. असा ॲडिनोमा पुढे कर्करोगाकडे वळण्याची भीती असते, म्हणून तो काढून टाकतात. त्याची खूण म्हणजे ग्लुटामाइन सिंथेटेज या एन्झाइमचा डाग गाठभर गडद उमटणं. इथे तो उमटला नाही. मला हायसं वाटलं.

राहिला एचएनएफ-१-अल्फा. हे प्रथिन डीएनएवर नेमक्या जागी बसतं आणि यकृताची कितीतरी जनुकं चालू ठेवतं. पेशींतली चरबी पाहून संशय त्याच्यावरच होता. ते काम करतंय की नाही हे ताडायला आम्ही त्याच्या हुकमाने तयार होणारं एक प्रथिन शोधतो, एलएफएबीपी. त्यावर रंग चढवणारी अँटिबॉडी आमच्याकडे नव्हती, म्हणून बायोप्सीचा मेणातला ब्लॉक मुंबईला पाठवला. स्लाइड परत आली आणि मी ती लेन्सखाली सरकवली. नेहमीच्या यकृतावर तपकिरी रंग, गाठीच्या कडेपर्यंत. कडेपलीकडे काहीच नाही. इतकी स्वच्छ सीमा क्वचित बघायला मिळते. एचएनएफ-१-अल्फा गाठीत बंद पडलं होतं, आणि या प्रकारात कर्करोगाचा धोका कमी असतो.

बहुतेक पेशंटमध्ये या प्रथिनाच्या जनुकाच्या (एचएनएफ-१-ए) दोन्ही प्रती यकृताच्या पेशीतच बिघडतात. पण काहींत एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते. २००२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी ॲडिनोमात हे जनुक बंद पडलेलं दाखवलं; त्याआधी १९९६ मध्येच ते मोडी-३ या आनुवंशिक मधुमेहाचं कारण म्हणून सापडलं होतं. म्हणून रिपोर्ट न्यायला पेशंटची आई आली, तेव्हा मी त्यांना आत बसवून घेतलं. कॅन्सर नाही, हे आधी सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मग विचारलं, "मावशी, घरात कुणाला साखर आहे?"

"आमच्यात साखर घरातच हाय, मॅडम. माझ्या वडलांला होती, मला पंचविशीतच लागली. थोरला तर कॉलेजात असल्यापासनं इंजेक्शन घेतोय, आणि बघायला गेलात तर नुसती काडी."

"आणि हिला?"

"हिला न्हाई. पोटुशी असताना लघवीत आली व्हती, पण रक्तात नव्हती. मग कुणी काय म्हणलं न्हाई."

लघवीत साखर, रक्तात नाही! एचएनएफ-१-अल्फा मूत्रपिंडात साखर परत शोषून घ्यायलाही लागतं; ते कमी पडलं की रक्तातली साखर वाढण्याआधीच ती लघवीतून गळू लागते. यकृतात गाठ होण्यासाठी दोन्ही प्रती जाव्या लागतात. स्वादुपिंडाला मात्र एक प्रत गेली तरी पुढे इन्सुलिन कमी पडू लागतं. तीन पिढ्यांचा आजार एका चिंचोळ्या तुकड्यात दिसत होता. मी लगेच एंडोक्रायनॉलॉजिस्टना फोन केला आणि रिपोर्टात जनुकतपासणीचा सल्ला लिहिला.

रक्ताच्या तपासणीत एचएनएफ-१-ए मधला बदल मिळाला, आईत आणि भावातही. भावाला टाइप वन समजून इन्सुलिन चालू होतं. सी-पेप्टाइड (शरीरात इन्सुलिनसोबतच तयार होणारा तुकडा) पाहिलं तर त्याचं शरीर अजून इन्सुलिन तयार करत होतं. या मधुमेहात सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या कमी डोसातही छान लागू पडतात. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी देखरेखीखाली त्याला ग्लिक्लाझाइड या त्याच गटातल्या गोळीवर आणलं आणि इंजेक्शन सुटलं.

कमी वयात, सडपातळ अंगाचा, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला मधुमेह दिसला की मोडीचा विचार व्हायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. या घरात तो विचार यकृताच्या गाठीमुळे झाला.

पेशंटच्या गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या आहेत आणि एमआरआयवर गाठींकडे लक्ष आहे. आई आणि भाऊ यांचीही सोनोग्राफी सांगितली आहे. आता प्रश्न आहे तिच्या मुलीचा: बदल तिच्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी. तपासणी आताच करायची की ती मोठी झाल्यावर, हे ठरवायला ते सगळे पुढच्या आठवड्यात जेनेटिक कौन्सेलरकडे जाणार आहेत.