निळं म्हणजे गार

फेब्रुवारीत द्राक्षाचा सीझन ऐन भरात, आणि सकाळी सकाळी पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमधून सुपरवायझरदादांचा फोन. म्हणे मॅडम, तीन नंबरची ओळ मस्त निळी झालीये, बाकीच्या अजून हिरव्याच आहेत, त्या पण निळ्या करून द्या ना.

मला काही कळेचना. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये निळा रंग नाहीचे! कोल्ड चेंबरचं तापमान दाखवणारी साधी ग्रिड आहे, एका चेंबरला एक ओळ, लिमिटमध्ये असेल तर हिरवी, वर गेलं की लाल, संपलं. पहिल्यांदा वाटलं मॉनिटरची केबल सैल झाली असेल, व्हीजीएची पिन नीट बसली नाही की रंग असेच उडतात. त्यांनी मोबाईलने स्क्रीनचा फोटो पाठवला, त्यात पण निळंच, पण मोबाईलच्या फोटोतल्या रंगावर काय भरवसा, मग म्हटलं दादा प्रिंट स्क्रीन मारून पाठवा, केबलचा घोळ असेल तर त्यात येणारच नाही. आला की हो. माझ्या धडधाकट मॉनिटरवर पण निळा. पेंटमध्ये उघडून रंग उचलला, रेड ४७, ग्रीन ४७, ब्लू २११. आमच्या कलर शीटवर लाल कसा लिहिलाय? २११, ४७, ४७. आणि मग त्या ओळीतला आकडा बघितला, ६.८.

पोटात गोळाच आला. लगेच फोन लावला, दादा आधी तीन नंबरला जा, माल गरम होतोय. तर ते शांतपणे, "अहो मॅडम, निळं आहे ना, गार आहे म्हणूनच निळं ना?" आता यावर काय बोलणार. नळापासून कूलरपर्यंत सगळीकडे निळं म्हणजे गार, त्यांचं काय चुकलं? आकडा दिसत होता की, म्हटल्यावर म्हणाले लांबून आकडा कोण बघतंय, रंगच दिसतो.

दाराचं रबर फाटलेलं निघालं. शून्याच्या आसपास राहायला पाहिजे तो माल पावणेसातवर, आणि संध्याकाळी न्हावाशेव्याला कंटेनर निघायचा होता. तो थांबवला, पेट्या दुसऱ्या चेंबरला हलवल्या, परत थंड करून दुसऱ्या दिवशी गाडी गेली. एक्स्पोर्टवाल्याने आमच्या सरांना काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता बग कुणाचा, तर माझाच. दिवाळीत स्क्रीन जरा फ्रेश करू म्हणून डिझायनरच्या शीटवरून वेबचे कलर कोड उचलले आणि ग्रिडच्या ड्रॉ इव्हेंटमध्ये, म्हणजे ओळी रंगवणाऱ्या कोडमध्ये, जसेच्या तसे चिकटवले. वेबमध्ये डी३ २एफ २एफ (तेच २११, ४७, ४७, फक्त हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पद्धतीने लिहिलेले) म्हणजे आधी रेड, मग ग्रीन, मग ब्लू. आमचं ॲप डेल्फी या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं, आणि विंडोजचा कलररेफ, म्हणजे रंगाचा आकडा, हेक्समध्ये लिहिताना बरोब्बर उलटा, आधी ब्लू आणि शेवटी रेड. म्हणजे लालचा निळा. मग टेस्टिंगमध्ये कसं सापडलं नाही? कारण टेस्टचा डेटा सगळा शहाण्यासारखा, एकही तापमान लिमिटच्या वर नाही, म्हणजे सगळ्या ओळी हिरव्या. आणि आमचा हिरवा ५६, १४२, ६०, उलटा केला की ६०, १४२, ५६. चार-चारचा फरक कुणाच्या बापाला दिसणार आहे! मी स्वतः बघून ओके म्हटलं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची. हेक्स काढून टाकले आणि आरजीबी फंक्शनला रेड, ग्रीन, ब्लूचे आकडे वेगवेगळे दिले, ते क्रम स्वतःच लावतं. तरी फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता म्हणून स्कूटी काढून तीसेक किलोमीटर पिंपळगावला गेले, नवीन फाईल टाकली आणि दादांच्या समोर लिमिट मुद्दाम खाली आणून ओळ लाल करून दाखवली.

दादांनी बघितलं, मान हलवली. म्हणाले लाल बरोबर आहे, पण ते हिरवं काढून निळं करा, गारवा वाटतो.

दिलं करून. यावेळी आरजीबीनेच, आणि दोन्ही रंग डोळ्यांनी बघून मगच स्कूटीला किक मारली.