रांगेतल्या अकरा रात्री आणि आमची डाळमिल

२०१७ च्या उन्हाळ्यात दादा सरकारी खरेदी केंद्राच्या रांगेत अकरा रात्री ट्रॉलीतल्या तुरीवर झोपले. आदल्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं; मग पाऊस असा झाला की तूर ठेवायला घरं पुरेनात. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये, पण केंद्रावर बारदानाच, म्हणजे रिकामी पोतीच, संपलेली. बाराव्या दिवशी दादांनी ट्रॉली वळवली आणि बाहेर मिळेल त्या भावानं तूर घातली. घरी येऊन विक्रीची पट्टी माझ्यापुढं टाकली. "दोन वर्सांमागं डाळ दोनशे रुपये किलो झालती की. मधले पैसे कुणी खाल्ले, काढ हिशेब."

मी तेव्हा एका आडतीवर वह्या लिहीत होतो. हिशेब येत होता, म्हणूनच गप्प बसलो.

पुढच्या वर्षी नोकरी सोडली आणि औशाजवळ आमच्या गावातच, गोठ्याच्या पत्र्याखाली, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी डाळमिल बसवली. कर्जासाठी मारलेल्या खेपांचं सांगत बसत नाही.

पहिला घाणा मात्र सांगायलाच हवा. तुरीला आधी ओरखडे पाडायचे, तेल चोळून रात्रभर झाकून ठेवायची, मग पाण्याचा हात देऊन उन्हात पसरायची. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. आभाळ आलं तर काय करायचं, ते लिहायचं राहिलं होतं. दोन दिवस ऊन नाही. मी घाई केली, ओलसर तूर मिलमध्ये टाकली. साल निघेना, निघाली तिथं डाळीचा चुरा. सहा क्विंटल गेले, त्यातले चार शेजाऱ्यांचे. आई म्हणाली, "भरडायच्या आधी दाणा दाताखाली धरून बघावं, कट्ट वाजला पाहिजे." शेजाऱ्यांना बाजारभावानं पैसे दिले. ते मागायला आले नव्हते, पण गावात राहायचं होतं.

आता त्रेचाळीस घरं तूर देतात. काटा शेतकऱ्यासमोर, कट्टी म्हणजे वजनात कापाकापी नाही, आणि निघालेली चुनी, म्हणजे साल नि चुरा, ज्याची तूर त्याच्या जनावरांना परत. चुनीची अट बायकांनी घातली, आणि माणसं टिकली ती त्या अटीमुळं, असं माझं मत आहे. बियाणं बहुतेकांनी बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण धरलंय. कोरडवाहूला ते परवडतं, रान लवकर मोकळं होतं.

विक्री अजून अवघडच. पॉलिश करत नाही म्हणून पुण्याच्या एका दुकानदारानं पहिला माल 'मळकट' म्हणून परत पाठवला होता. २०२४ मध्ये निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हा दुसऱ्यानं सुचवलं, "बोरसुरी छापा, कोण बघतंय?" आमचं गाव बोरसुरी नाही. पिशवीवर आमच्याच गावाचं नाव आहे, भले ते कुणी ऐकलेलं नसो.

काट्यावर दादा बसतात. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की माल घेत नाहीत, मग सोयरा असो की सरपंच. परवा आमच्याच शेतातली तूर आली, मीटरवर तेरा. मी म्हटलं, घरचीच आहे, राहू द्या. त्यांनी काही न बोलता पोतं उलटं केलं आणि अंगणात पसरलं.