साडेतीन छत्र्यांचा हॉल

रविवार, रात्रीचे साडेअकरा

घरं बघून बघून पाय भरून आलेत. आज बदलापूर झालं. गेल्या रविवारी डोंबिवली, त्याच्या आधी पनवेल आणि त्याच्याही आधी नवऱ्याच्या हट्टापायी वसई. चार रविवार गेले आणि हाताशी काय, तर सहा ब्रोशर, मूठभर व्हिजिटिंग कार्डं आणि दिवसभर वाजणारा फोन. "मॅडम, प्रॉपर्टी बघताय ना?" माझा नंबर कुठून कुठे गेलाय देव जाणे.

पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही. आज त्या फ्लॅटमध्ये आप्पा, माझे वडील, एक शब्द बोलले. दुपारपासून तो चपलेतल्या खड्यासारखा टोचतोय.

झालं असं. बदलापूर वेस्ट, स्टेशनपासून "दहा मिनिटं" (शेअर रिक्षाने दहा, चालत विचारू नका). टू बीएचके, तिसरा मजला, रीसेल. ब्रोकरचा पोरगा चुणचुणीत होता. त्याने किचन दाखवलं, ड्राय बाल्कनी दाखवली, मग दुसऱ्या बेडरूमचं दार ढकलून म्हणाला, "आणि ही काकांची रूम. काका इथेच राहणार ना?"

"छे छे, मी पाहुणा," आप्पा म्हणाले. लगेच. पाठ करून आल्यासारखे. आणि छत्री टेकत बाल्कनीत निघून गेले.

कोणी काही बोललं नाही. नवरा मीटरचा बोर्ड बघत होता, लेक खिडकीच्या ग्रिलला लोंबकळत होती, मी सिंकचा नळ सोडून पाणी किती जोरात येतंय ते बघत होते. मी ऐकलं. ऐकलं आणि नळ बंद केला, एवढंच.

पाहुणा. दोन वर्षं होतील येत्या दिवाळीला. आठ दिवसांसाठी म्हणून आले होते. आठ दिवसांचे पंधरा झाले, मग लेकीची परीक्षा झाली, मग पावसाळा आला, मग कोणी विषयच काढला नाही. दादाकडे का नाही गेले, वगैरे वगैरे. तो विषय आज नको.

संध्याकाळी घरी आल्यावर मी पहिल्यांदा नीट बघितलं. आप्पांचे कपडे अजून बॅगेत आहेत. दिवाणाखाली ती निळी बॅग, अर्धी चेन उघडी, वर घडी केलेला पंचा, बाजूला औषधांचा डबा. रोज केर काढताना मी ती बॅग एका हाताने सरकवते आणि परत आत ढकलते. दोन वर्षं. कपाटात एक खण रिकामा करून द्यावा हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि त्यांनी मागितला नाही. पाहुणा कुठे कपाट मागतो?

बरं, घराचं लिहिते. नाहीतर हेच गिरवत बसेन.

वसई पहिल्याच फेरीत बाद झाली. मला ऑफिसला फोर्टला जायचं, त्याला घणसोलीला. वसईहून मला चर्चगेटला उतरून पुढे चालायचं आणि त्याला वसई-दिवा मार्गावरच्या त्या मोजक्या गाड्यांच्या वेळांवर संसार करायचा. सेंट्रल रेल्वेच्या माणसाने वेस्टर्नला घर घेणं म्हणजे आंतरजातीय लग्न. होतं, पण सगळं नव्याने शिकावं लागतं. हवा छान, वाड्या छान. आप्पांनी सुकेळी घेतली, फलित तेवढंच.

पनवेल खरं तर त्याच्यासाठी सोन्यासारखं, घणसोलीला ट्रान्स हार्बरने सरळ. पण तिथे ब्रोकर फ्लॅट दाखवतच नाहीत, विमानतळ दाखवतात. एकाने तर गच्चीवर नेलं. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडायला लागली. भाव त्यांच्या कितीतरी आधीच उडाले होते. आमच्या पैशात तिथे जे बसत होतं त्याला पनवेल म्हणायचं धाडस फक्त ब्रोकरमध्ये. आजूबाजूला शेतं, मध्ये एक बिल्डिंग आणि गेटवर कारंजं.

मग राहिलं डोंबिवली. आणि डोंबिवलीवर आमच्या दोघांचाही जीव. मावशीचं घर तिथलं, फडके रोडची दिवाळी पहाट तिथली, पाडव्याची शोभायात्रा तर १९९९ पासून तिथूनच सुरू झालेली. लेकीला मराठी शाळा, वाचनालय, गाण्याचा क्लास, सगळं पायाखाली. फास्ट लोकल मिळाली तर सीएसएमटी तासाभरात. 'मिळाली तर' म्हणजे आत शिरता आलं तर. मुंब्र्याच्या वळणावर २०२५ च्या जूनमध्ये दारातली माणसं लोकलमधून पडली, त्यानंतर मी दारात उभी राहत नाही, एवढंच लिहिते.

पण डोंबिवलीत ४५ लाखांत वन बीएचके. चांगली सोसायटी, ओसी (राहायला जायची परवानगी) आलेली, म्हणजे जीएसटीची कटकट नाही. (बांधकाम चालू असलेली सगळी घरं ४५ च्या जरा आत का असतात हे मला आत्ता कळलं. किंमत ४५ च्या आत आणि कार्पेट, म्हणजे घराची आतली जागा, ६० चौरस मीटरच्या आत बसली तर जीएसटी १ टक्का, नाहीतर ५. मग पार्किंग आणि कसकसल्या चार्जेसची चिठ्ठी मागाहून निघते.) कागद मात्र दहादा बघायचे. त्या ६५ बिल्डिंगांचं आठवलं की पोटात गोळा येतो. लोकांनी रेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी) बघूनच घेतली होती ना घरं? परवानग्याच खोट्या निघाल्या आणि २०२४ च्या नोव्हेंबरात हायकोर्टाने पाडायला सांगितलं. म्हणून नवऱ्याने ठरवलंय, वकील आपला, ब्रोकरच्या ओळखीचा नाही.

हिशोब वहीच्या मागच्या पानावर आहे, पण इथेही उतरवते, म्हणजे डोक्यातून जाईल. ४५ लाखांवर बँक ८० टक्के देते, म्हणजे ३६. घरचे ९ घालायचे. आठ टक्क्याने वीस वर्षं, हप्ता ३०,११२. वीस वर्षांनी बेरीज ७२ लाखांच्या वर. ती नवऱ्याने एकदा मोठ्याने वाचली आणि मग दोघांनी चहा घेतला. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट. ४५ हजार वाचतात, म्हणजे रजिस्ट्रेशनचे ३० हजार निघून वर पंधरा उरतात. नवरा म्हणाला, "तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ, मला काढून टाकलंस तर बघू पुढचं पुढे." हसलो आम्ही.

म्हणजे कागदोपत्री ते घर माझं एकटीचं. माझं. आणि त्यात माझे वडील पाहुणे.

बघा, परत तिथेच आले.

कारण बदलापूर म्हणजे तेवढ्याच पैशात आणखी एक खोली, बाकी काही नाही. ४५ लाखांत डोंबिवलीत वन, बदलापुरात टू. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. वीस किलोमीटर पलीकडे गेलं की एक बेडरूम मिळते. जाऊन येऊन चाळीस. ती खोली रोज मी चालवत आणणार, मस्टर गाठायचं म्हणून पहाटे पाचला उठून. कल्याणच्या पुढे दोनच रूळ, त्यावरूनच मालगाडी, त्यावरूनच एक्सप्रेस. एक लोकल चुकली की बाकावर बसून राहा. तिसरी-चौथी लाइन येतेय म्हणतात. कांजूरमार्गहून मेट्रो १४ पण येणार आहे, ती अजून कागदावर. ब्रोकरच्या तोंडी मात्र ती धावायला लागली आहे.

आणि मी आज परतीच्या गाडीत, अंबरनाथ यायच्या आत, मनातल्या मनात डोंबिवलीचं ठरवूनही टाकलं होतं. कशाच्या जोरावर? आप्पा स्वतःच म्हणाले ना पाहुणा. प्रश्न मिटला. पाहुण्याला खोली लागत नाही. हॉलमध्ये सोफा-कम-बेड टाकला की झालं.

हे लिहिताना हात थांबला. टोचतंय ते हेच. त्यांनी म्हटलं ते नाही, मला ते ऐकून क्षणभर बरं वाटलं ते.

कळव्याच्या या घरात भिंती म्हणजे पुठ्ठा आहेत. रात्री आम्ही आत "एक का दोन, एक का दोन" करत असतो, ते बाहेर दिवाणावर ऐकू जात असणारच. त्यांनी ऐकलं असेल आणि आमचा एक आकडा खोडून दिला असेल. ब्रोकरसमोर, म्हणजे मला 'नाही हो आप्पा' म्हणायची सोय नको. नाहीतर मग ते जुनंच, लेकीच्या घरी बाप पाहुणाच बरा. आई असती तर एका वाक्यात सोक्षमोक्ष लावला असता. आई असती तर हा प्रश्नच नव्हता म्हणा.

माझी मात्र मधल्यामध्ये कोंडी. सगळ्यांचं बघायचं, सगळ्यांना पुरायचं, चाळिशी आली तरी स्वतःच्या नावावर एक खिळा ठोकायला भिंत नाही (घरमालकीणबाईंना भिंतीला भोक चालत नाही), आणि वर अपराधीही मीच वाटून घ्यायचं. रडू आलं मघाशी भाकरी करताना. पीठ लागलेल्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत, त्यामुळे तसंच वाहू दिलं.

त्यानंतर जे झालं ते लिहायला जरा लाजच वाटतेय.

आप्पांची छत्री मूठ धरून बरोबर तीन फूट आहे. बाराही महिने बरोबर असते. प्रत्येक फ्लॅटमध्ये ती भिंतीलगत आडवी टाकत टाकत जातात, ब्रोकर बघत राहतो. डोंबिवलीचा हॉल तीन छत्र्यांना वीतभर कमी. आजचा साडेतीन छत्र्या. ब्रोकर अकरा फूट म्हणत होता, आप्पा म्हणाले, "साडेदहा. अर्धा फूट तुझा." रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतीही धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत, हे त्यांनी त्या पोराला समजावलं. मग खाली येऊन वॉचमनला तंबाखू दिली आणि विचारलं, "२०१९ ला कुठवर?" वॉचमनने गेटच्या खांबावर गुडघ्याच्या जरा वर हात ठेवला. महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती, ते वर्ष. उल्हास नदी काय लांब आहे तिथून! ब्रोकर म्हणाला होता, "या बाजूला पाणीच येत नाही."

तर भाकऱ्या झाल्यावर दिवाणावर ते ब्रोशर दिसलं. मागच्या कोऱ्या बाजूला आप्पांनी पेन्सिलीने बदलापूरचा नकाशा काढलेला. पट्टी न लावता, पण रेघा सरळ. छत्रीच्या मापाने. आमचा पलंग, कपाट. दुसऱ्या खोलीत टेबल, खुर्ची, त्यावर लेकीचं नाव. हॉलमध्ये टीव्ही. आणि दाराशी, चपलांच्या कोपऱ्यात, एक छोटासा चौकोन. त्यात लिहिलेलं 'पा.'

माझ्या घशात आवंढा आला. एवढीशी जागा! दाराशी! माणसाने स्वतःला इतकं आक्रसून घ्यावं? मी तो कागद घेऊन तशीच त्यांच्यासमोर उभी राहिले. आवाज चिरकला माझा. "आप्पा, हे काय आहे? इथे तुम्ही झोपणार?"

त्यांनी चष्मा वर केला. माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं.

"पाण्याचं पिंप आहे ते," म्हणाले. "तिकडे पाणी रोज येतं का विचारलंस का तू? नळ तेवढा सोडून बघितलास. टाकीतलं पाणी कुणालाही जोरात येतं."

नवरा आतून हसला. भिंती पुठ्ठ्याच्याच ना.

मीही हसले मग, डोळे तसेच ओले. काय करणार? मी अख्खी दुपार ज्या शब्दावर रडत घालवली, त्या दुपारी हा माणूस पिंपाची जागा शोधत होता. नकाशात त्यांचा पलंग मात्र कुठेच नाही हे मी बघितलंय. पिंपाला जागा आहे. विचारलं नाही. विचारलं असतं तर "मी काय, कुठेही" म्हणाले असते आणि मला पुन्हा पिठाचे हात घेऊन उभं राहावं लागलं असतं.

जेवताना कपाटाचा खालचा खण रिकामा करते म्हटलं. "कशाला, बॅग बरी आहे," म्हणाले. मी केला. लेकीचे दोन वर्षांपूर्वीचे युनिफॉर्म होते त्यात, नाहीतरी लहानच झालेत. ते अजून खणाकडे फिरकलेले नाहीत. बघू.

आत्ता, म्हणजे हे लिहायला घ्यायच्या जरा आधी, टीव्हीवर नजर ठेवूनच त्यांनी विचारलं, "त्या आजच्या फ्लॅटला कमोड दोन्हीकडे होता, का एकीकडेच?"

"का हो?"

"नाही, असंच. पाहुण्याला रात्री दोनदा उठावं लागतं."

मला आठवेना. एक तर नक्की वेस्टर्न होता, पॅसेजमधल्याचं दार मी उघडलंच नव्हतं. उद्या त्या पोराला फोन करून विचारायचं. आणि पाणी रोज येतं का, तेही.