तुम्ही विचारलंत म्हणून: गुलाबाची काडी पालवी फुटूनही का मरते?

"वहिनी, तुमच्याकडून काडी नेली, आठवड्याभरात मस्त कोवळी पानं आली आणि मग काळी पडून मेलीच, असं कसं?" दरवर्षी कोणीतरी हे विचारतंच. म्हणून आज नीट सांगते, कारण मला या गुलाबाची खरंच माया आहे.

ती पानं मुळांच्या जोरावर आलेली नसतात. काडीत आधीपासून जे अन्न साठलेलं असतं त्याच्यावर डोळे (काडीवरचे अंकुर) फुटतात, मुळं यायला त्यानंतर बरेच दिवस लागतात, सहा ते आठ आठवडे धरा. आपण पालवी बघून खूष होतो, उन्हात ठेवतो, शेणखत घालतो, आणि कोणीतरी हळूच ओढून बघतंच, मूळ आलं का! नवीन मूळ केसासारखं असतं, एका ओढीत तुटतं. प्लीज ओढू नका.

दुसरं म्हणजे वेळ. आपल्याकडे जास्वंद, क्रोटन पावसात गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, खोचलं तरी जगतं, म्हणून गुलाबही जूनमध्येच लावतात. रत्नागिरीकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर, हवा सतत ओली, काडीचा खालचा काप बुरशीने कुजतोच. मी दसरा झाला, पाऊस गेला की लावते, फार तर जानेवारीपर्यंत.

काडी कुठली घ्यायची, तर जिच्यावरचं फूल नुकतंच गळलंय ती. पेन्सिलएवढी जाड, वीतभर, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, धारदार कात्रीने, चेचायला नको. वरची दोन पानं ठेवायची, बाकी काढायची. बुडाला भोकं पाडलेल्या ग्लासात निम्मी नदीची वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून त्यात काडी खोचायची. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या हं, त्यात मीठ असतं. समुद्रावरची वाळू तर अजिबात नको, तीही खारीच. खत काहीच नाही. वरून दोन लिटरची बाटली बूड कापून टोपीसारखी घालायची आणि झाकण रोज थोडा वेळ उघडायचं. ग्लास पडवीत ठेवायचा, जिथे उजेड आहे पण दुपारचं ऊन नाही. मुळं फुटायची पावडर मिळते ती खालच्या कापाला लावा, फायदा होतो. लोक सांगतात तसं काडी बटाट्यात खोचून मीही बघितलं, बटाटा कुजला आणि काडीही.

बुकेतल्या गुलाबाची काडी मागू नका. नर्सरीतली असली मोठ्या फुलांची झाडं बहुतेक दुसऱ्या, जंगली गुलाबाच्या खुंटावर (मुळांसकटच्या बुंध्यावर) डोळा भरून केलेली असतात, स्वतःच्या मुळांवर त्यातली बरीच अशक्त राहतात. आपला वासाचा गावठी गुलाबी मात्र छान लागतो, आणि स्वतःच्या मुळांवर असल्यामुळे बुडातून जे काही फुटेल ते तोच गुलाब, खुंटाचा जंगली फुटवा ओळखून काढत बसायला नको.

माझ्याकडचा तोच आहे, आत्तेच्या खळ्यातला, म्हणजे अंगणातला. तिच्या घरी खळ्यात फरशी बसवायची ठरली तेव्हा झाड काढणार होते, मी आदल्या दिवशी जाऊन बारा काड्या आणल्या. आत्त्या दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, फक्त ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. पाच लागल्या. त्यातली एक तिलाच परत दिली, कुंडीत, ती रोज सकाळी देवाला त्याचंच फूल घालते.

ग्लासाच्या भोकातून पांढरी मुळं दिसली की मगच कुंडीत हलवा. आणि पहिला पावसाळा कुंडी आतच ठेवा, पागोळीखाली नको. माझी पाचवी तिथेच गेली, जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात, मी दोन दिवस चिपळूणला होते तेवढ्यात.