तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रं काढून स्किझोफ्रेनिया बरा होतो का?

मी आर्ट थेरपिस्ट आहे म्हटलं की नातेवाईक हेच विचारतात, आणि लगेच पुढचं: ‘मग गोळ्या बंद करता येतील?’ दोन्हींचं उत्तर नाही. गोळ्यांचं काय ते मनोविकारतज्ज्ञच ठरवतील.

मग मी कशाला? औषधांनी नसलेले आवाज ऐकू येणं, संशय बऱ्याचदा आटोक्यात येतं. पण माणूस बोलत नाही, अंघोळीला उठत नाही, त्याला कशातच रस वाटत नाही, हे तसंच राहतं. घरचे याला आळस म्हणतात आणि त्यावरून रोज वाजतं. ही आजाराचीच ‘निगेटिव्ह’ लक्षणं, म्हणजे एरवी माणसात असतं ते हरवणं. गोळ्यांचा त्यांच्यावर फारसा जोर चालत नाही. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत कलाउपचारांचा विचार करा असं म्हटलंय, ते विशेषतः या लक्षणांसाठी.

आता माझ्या गैरसोयीचं. २०१२मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘मॅटिस’ चाचणी प्रसिद्ध झाली. नाव चित्रकाराचं, निकाल मात्र कोरा! स्किझोफ्रेनियाचे ४१७ रुग्ण. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काहींना आठवड्यातून एकदा गटात आर्ट थेरपी, काहींना इतर उपक्रम, बाकीच्यांना जादा काही नाही. दोन वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांत फरक नाही. अनेकजण सत्रांना फिरकलेच नव्हते. मी ही पळवाट म्हणून सांगत नाही. सरसकट सगळ्यांना आर्ट थेरपी लिहून देण्यात अर्थ नाही, असं मला त्यावरून वाटतं. ज्याला यावंसं वाटतं, त्याच्यासाठी ती आहे. तेव्हा मला फोन करण्याआधी त्याला विचारा. आजार उफाळलेला असेल तर थांबा. आधी तो शांत होऊ द्या.

‘त्यानं सगळं काळ्या रंगात काढलंय, म्हणजे काय?’ हाही नेहमीचाच प्रश्न. रंगांचा असा शब्दकोश नसतो. कधी काळा खडूच हाताशी असतो. ब्रिटिश चित्रकार एडवर्ड ॲडम्सन यांनी १९४६पासून इंग्लंडच्या नेदर्न मनोरुग्णालयात चित्रशाळा चालवली. ते रुग्णांच्या चित्रांचे अर्थ लावत बसत नसत. मीही नाही. दोघांच्या मध्ये कागद असला की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, गप्प राहणं अवघड वाटत नाही. काहीजण सबंध सत्रात एक रेघ ओढतात. मला ती पुरते, कारण पुढच्या वेळी ते पुन्हा येतात. आठवडाभर दार लावून बसणाऱ्यासाठी ठरल्या वेळी घराबाहेर पडणं ही लहान गोष्ट नाही.

आणि हो, त्याचं चित्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचं असेल, तर परवानगी त्याची घ्या. माझी नको.