जखडलेला खांदा आणि त्यावर फिरलेले हात

मॅचिंग सेंटरच्या धंद्यात दोन्ही हात वर जाणं हे भांडवलच असतं. टू बाय टू रुबियाचे तागे, अस्तर, फॉल, परकर, सगळं फळ्यांवर छतापर्यंत रचलेलं, आणि गिऱ्हाइकाला हवा असतो तो मोरपिशी रंग नेमका सगळ्यात वरच्या फळीवर. तागा काढायला दोन हात लागतात. गेल्या गणपतीच्या आसपास माझा डावा हात खांद्याच्या रेषेपर्यंत जाऊन थांबायला लागला. मी दुकानातल्या मुलीला स्टुलावर चढवायला लागले आणि कुणाला काही बोलले नाही.

दुखायचं ते गंमत म्हणजे खांद्यात नाही, दंडावर. लहानपणी लस टोचायचे ना, त्या जागेवर. त्यामुळे ताग्यांच्या वजनानं स्नायू धरला असेल असंच वाटत होतं. दिवसा चालून जायचं. रात्री डाव्या कुशीवर वळलं की जाग यायची, आणि मग दंडाखाली उशी घेऊन उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत बसायचं. अंबाडा घालणं, पाठीमागचा हूक लावणं, न्हाताना पाठ चोळणं ही कामं एकेक करून सुटली. पदर डाव्या खांद्यावरच असतो, तो सरळ करायलाही उजवा हात.

मी कराडची. वय त्रेपन्न, साखर बरीच वर्षं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुखणं ऐकल्याबरोबर आधी ईसीजी काढायला लावला. मला राग आला होता, की दुखतोय हात आणि हे छातीला वायरी लावतायत. पण पन्नाशीपुढचा मधुमेही माणूस डावा हात दुखतो म्हणत आला, तर हृदय आधी बघायचं हे बरोबरच आहे. ईसीजी ठीक निघाला आणि त्यांनी हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

तिथली तपासणी लक्षात राहण्यासारखी होती. कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितलं. उजवा हात दरवाजा उघडावा तसा बाहेर गेला, डावा जागचा हलेना. मग डॉक्टरांनी स्वतः तो फिरवून बघितला. "तुम्हाला फिरवता येत नाही हे ठीक आहे, पण मलाही फिरवता येत नाही. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी तुटली असती तर तुमच्याच्यानं हललं नसतं, पण मी हलवल्यावर हात गेला असता." एक्स-रे अगदी स्वच्छ आला, आणि या आजारात तो तसाच येतो. झीज किंवा दुसरं काही नाही ना, एवढंच बघण्यासाठी तो काढतात. निदान झालं फ्रोझन शोल्डर.

सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं, कॅप्सूल. त्याला आतून सूज येते, मग ते जाड होतं आणि आखडतं. हे मला लगेच कळलं, कारण न भिजवता शिवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं तेव्हा वरचं कापड चांगलं असूनही ब्लाऊज अंगात जात नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. चाळीस ते साठ वयात हा जास्त होतो, बायकांना जास्त. एरवी शंभरात दोन ते पाच जणांना होत असेल, तर साखरवाल्यांत दहा ते वीस जणांना. थायरॉइडवाल्यांनाही जास्त होतो. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) तेव्हा ८.४ होती.

बॉस्टनच्या कॉडमन नावाच्या डॉक्टरनं १९३४ साली या दुखण्याला हे नाव दिलं, आणि याची व्याख्या करणं, उपचार करणं आणि कारण सांगणं तिन्ही अवघड जातं असंही त्यानंच लिहून ठेवलं. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर मला जरा बरं वाटलं. निदान कुणी छातीठोकपणे "आठ दिवसांत मोकळा करतो" म्हणत नव्हतं. तसं म्हणणारे पुढे भेटलेच.

याच्या तीन अवस्था असतात. पहिली दुखण्याची, दुसरी जखडण्याची, तिसरी सुटण्याची. सगळं मिळून वर्षापासून तीन वर्षांपर्यंत जाऊ शकतं. खांद्यावर कुणाचा हात चालेल आणि किती जोरात चालेल, हे तुम्ही कुठल्या अवस्थेत आहात त्यावर ठरतं. माझा पुढचा सगळा अनुभव या एका गोष्टीभोवती फिरतो.

पहिले हात मालिशवाल्या मावशींचे. आमच्या गल्लीत बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालणाऱ्या या मावशी आता थकल्यात, पण बोटांत जोर आहे. सासूबाईंनी त्यांना बोलावलं. तिळाचं तेल कोमट करून त्यांनी मान, पाठीचा फरा, दंड असं सगळं चोळलं, पण खांद्याच्या सांध्यावर फार जोर दिला नाही. मी म्हटलं, "जरा ओढून बघा की." तर म्हणाल्या, "वैनी, ह्यो ओढून सुटायचा न्हाई. ओढला तर रातभर ठणकंल." पुढे फिजिओथेरपिस्टनं हेच शुद्ध भाषेत सांगितलं.

मालिशचा उपयोग झाला, पण तो कुठं झाला हे मला नंतर उमगलं. खांदा फिरत नाही म्हणून आपण नकळत तो कानाकडे उचलून काम करतो. त्यात मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दिवसभर ताणलेला राहतो आणि संध्याकाळी दगडासारखा होतो. मावशींच्या हातानं तो स्नायू सैल व्हायचा, डोकं हलकं व्हायचं, झोप लागायची. कॅप्सूल आहे तिथंच. पण ज्याला महिनोन् महिने धड झोप नाही त्याला एक सलग रात्र मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि "मालिशनं काही होत नाही" असं म्हणणाऱ्या शहाण्यांना कधी खांदा धरलेला नसतो.

दुसरे हात मी लावून घेतले नाहीत. दिरांच्या ओळखीचे एक हाड बसवणारे गृहस्थ होते. एका झटक्यात हात वर करून देतो म्हणाले. हाडांचे डॉक्टरसुद्धा काही रुग्णांत असा हात फिरवून मोकळा करतात, पण भूल देऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि तरीही दंडाचं हाड मोडण्याचा धोका असतोच. घरच्या सोफ्यावर, भूल न देता, मधुमेही बाईच्या हाताला झटका? चहा पाजून त्यांना परत पाठवलं. दीर थोडे दिवस गप्प होते.

फिजिओथेरपी सुरू झाली तेव्हा मी अजून दुखण्याच्या अवस्थेतच होते. थेरपिस्ट माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. बी.पी.टीएच. ही फिजिओथेरपीची पदवी, तिच्या वेळी अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता, आणि राज्य परिषदेकडे नोंदणी असते. ते प्रमाणपत्र भिंतीवर होतं, ते मी आधी वाचून घेतलं. फिजिओथेरपीचा बोर्ड लावलेल्या प्रत्येक खोलीत ते असतंच असं नाही.

तिनं आधी शेक दिला, मग टेन्सच्या, म्हणजे त्वचेवरून हलकी वीज सोडणाऱ्या मशीनच्या, चकत्या लावल्या. त्वचेत मुंग्या आल्यासारखं होतं, आणि त्या मुंग्यांचा निरोप मज्जारज्जूत पुढे शिरून दुखण्याच्या निरोपाची वाट अडवतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेली कल्पना आहे ही. मशीन बंद झालं की परिणामही थोड्या वेळात ओसरतो. "काकू, मशीन म्हणजे उपचार नाही, उपचाराआधीची तयारी," असं तीच म्हणाली. खरं काम त्यानंतर. मला उताणं झोपवून, एक हात काखेजवळ ठेवून, ती दंडाचं हाड सांध्यात अगदी बारीक बारीक हलवायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं ही काही करतच नाही. मेटलंड नावाच्या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टनं याच्या चार पायऱ्या ठरवून दिल्यात. पहिल्या दोन दुखणं शमवायला, पुढच्या दोन आखडलेलं ताणायला. माझ्या बाबतीत कितीतरी दिवस ती पहिल्या दोन पायऱ्यांच्या पुढे गेलीच नाही. मी घाई करायचे, फी मोजून आलेय तर जरा जोर लावा म्हणायचे. ती हसून नाही म्हणायची.

घरी करायला एकच व्यायाम दिला होता. टेबलाला उजवा हात टेकवून वाकायचं, डावा हात सैल सोडायचा आणि त्याला झोके द्यायचे. हा पेंडुलमचा व्यायामही कॉडमनचाच. कटिंगच्या टेबलाशी मी तो करत असताना एका गिऱ्हाइकानं काही सांडलंय का म्हणून वाकून शोधायला मदत केली.

तरी रात्री संपत नव्हत्या. शेवटी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं ठरलं. साखरेच्या डॉक्टरांशी बोलूनच, कारण त्यानं काही दिवस साखर वर जाते. माझी गेलीच. रोज बोट टोचून बघत होते, गोळ्यांचा डोस तात्पुरता बदलला. पण रात्रीचा ठणका निम्म्यावर आला आणि त्यानंतर थेरपिस्टच्या हातांना काम करायला जागा मिळाली. इंजेक्शन आणि व्यायाम यांत एक निवडायचं असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं तरी एकानं दुसऱ्याची वाट मोकळी केली.

मग जखडण्याची अवस्था. दुखणं कमी, पण हात लाकडी. आता तिसरी-चौथी पायरी, आणि आता मात्र ओरडायला लागायचं. तिच्याकडे कोन मोजायची पट्टी होती, गोनिओमीटर. पंजा बाहेर फिरवायचा कोन सुरुवातीला जेमतेम दहा अंश. दर काही भेटींनी ती मोजून वहीत लिहायची. नुसत्या "बरं वाटतंय" वर तिचा विश्वास नव्हता, आणि पुढे माझाही उरला नाही. तिच्या खोलीतलं भिंतीवरचं चाक, बोटांनी चढायची शिडी, कप्पी हे सगळं मी दुकानात उभं केलं. शटरच्या आतल्या हुकाला दोरी अडकवून कप्पी झाली. फळ्यांच्या कडा म्हणजे शिडी, कारण कालचं बोट अस्तराच्या फळीला लागलं तर आज रुबियाच्या फळीला लावायचं. आणि कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी! कोपरं कमरेला चिकटवून ती आडवी दोन्ही हातांत धरायची आणि उजव्या हातानं डाव्याला बाहेर ढकलायचं. याच व्यायामानं सगळ्यात जास्त फरक पडला असं माझं मत आहे, आणि वहीतले आकडे माझ्या बाजूनं आहेत.

याच काळात वैद्यांकडेही गेले. आयुर्वेदात याला अवबाहुक म्हणतात. वैद्यांनी औषधं वाचून बघितली, साखरेची कुठलीही गोळी बंद करायची नाही असं स्वतःहून सांगितलं, म्हणून मी थांबले. अभ्यंग, पत्रपिंड स्वेद आणि नस्य. निर्गुंडी, एरंड, रुई, चिंच यांचा पाला चिरून, खोवलेलं खोबरं आणि लिंबाच्या फोडी घालून तेलात परततात, त्याची पुरचुंडी बांधतात आणि ती गरम तेलात बुडवून खांद्यावर फिरवत राहतात. वासानं आधी भूकच लागते. मधुमेहात कधी कधी कातडीला चटका कळत नाही, म्हणून तिथली बाई दर वेळी पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. नाकात तेलाचे थेंब घालून घेणं मला आवडलं नाही, ते मी दोन-तीनदाच केलं.

फायदा? पुरचुंडीच्या शेकानंतर तासभर खांदा मऊ असायचा. नुसतं घरी जाऊन झोपलं की संध्याकाळी पुन्हा तसाच. मग मी वेळ बदलून घेतली. शेक झाला की तिथंच बाकावर बसून मीटरपट्टीचे व्यायाम. तसं केलेल्या दिवसांत ताणणं सोपं गेलं. वैद्यांनाही ते पटलं, थेरपिस्टलाही. दोघांची एकमेकांशी भेट कधी झाली नाही, माझ्या खांद्यावरच काय ती झाली.

बाकीचं थोडक्यात. कुणी कपिंग, म्हणजे कातडीवर पेले चिकटवून ओढ देणं, सांगितलं, त्याचे गोल डाग पाठीवर आठवडाभर होते आणि खांद्याला काही कळलं नाही. अॅक्युपंक्चरनं मान सैल झाली, कोन तेवढाच. चुंबकाचा पट्टा नणंदेनं आणला होता, तो कपाटात आहे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचाही विषय निघाला होता. भाची डॉक्टर आहे, तिनं ब्रिटनमधली एक चाचणी सांगितली. पाचशे तीन रुग्ण, २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलेली. इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी, भूल देऊन हात मोकळा करणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना केली, तर वर्षानंतर रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक एकातही नव्हता. मग मी मीटरपट्टीच धरून ठेवली.

आता हात कानाला लागतो, मोरपिशी तागा मीच काढते. पाठीमागे हात नेणं सगळ्यात शेवटी येतं म्हणतात, ते अजून अर्धंच आलंय, हूक अजून पुढे लावून मागे फिरवते. साखर ७.१ वर आहे. सुटलेला खांदा सहसा पुन्हा जखडत नाही, पण काहींचा दुसरा धरतो, म्हणून उजव्यालाही रोज फिरवते.

दुकानात आता बायका कापडाबरोबर खांदेही दाखवतात. परवा एकीनं डावा दंड चोळत विचारलं, कुणाकडे मालिश करून घेऊ. तिला म्हटलं, आधी साखर तपासून घे. आणि इथंच उभी राहून कोपर कमरेला लाव, पंजा बाहेर फिरव. तिचा हात गेला नाही. मग मी फिरवून बघितला, तरी गेला नाही. तिला हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला आणि मावशींचाही.