ढालीची मागची बाजू

आमच्याकडे कामाची वाटणी सरळ आहे. पत्रा, पितळ, आग आणि आवाज दादाचा. कातडं, कापड, सुई-दोरा माझा. सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं शेड आहे आणि त्याच शेडच्या कोपऱ्यात माझी शिलाई मशीन. पूर्वी मी गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे. मग दादानं एका मर्दानी खेळाच्या पथकाला ढाली करून दिल्या, मागच्या गाद्या कोण शिवणार म्हणून त्या माझ्या टेबलावर आल्या, आणि बघता बघता सीट कव्हरं मागं पडली. आता ढालींच्या गाद्या, हातावर चढवायच्या चिलखती बाजूबंदांची अस्तरं, चिलखताखाली घालायचे जाड अंगरखे हेच चालू असतं.

ढाल घ्यायला येणारा माणूस ती पुढून बघतो. चार पितळी फुलं, वर चंद्र-सूर्य, काळा चकचकीत रंग. उलटी करून बघणारा विरळाच. पैसेही पुढच्या बाजूचे मिळतात. गादीचे वेगळे मागितले की गिऱ्हाईक हसतं.

जानेवारी होता. 19 फेब्रुवारीची शिवजयंती डोळ्यांसमोर असते, त्यामुळे तो महिना आमच्याकडे दिवाळीसारखा. अशा गर्दीत कृष्णाकाठच्या एका गावचे वस्ताद टेम्पोतून उतरले. बरोबर तीन-चार पोरं आणि एक पोतं. पोतं रिकामं केलं तर त्यात अठरा इंची लोखंडी ढाली, बाहेरून तयार आणलेल्या. वस्ताद दादाला म्हणाले, "पत्रा हलका लावलाय ह्यास्नी. पोरांचे हात सुजाय लागलेत. तुम्ही सोळा गेजच्या करून द्या, लढाई जोरात दाखवायचीय."

त्यांचं पथक नुसता फेर धरून तलवारी फिरवणारं नव्हतं. दोन बाजू करून, बोथट तलवारींनी खरोखर वार घेत-देत लढाई दाखवायची, असा त्यांचा बेत. तलवारींना धार नसते, ती नसावीच. नऊ इंचांहून लांब पात्याच्या धारदार हत्याराला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागू शकतो, आणि चांगला वस्ताद तशीही धार पोरांच्या हातात देत नाही. पण धार नसली तरी लोखंड ते लोखंडच. किलोभर वजनाचं पातं खांद्यातून फिरून आलं की समोरच्याला ते कुठंतरी मुरवावंच लागतं.

दादानं लगेच हिशेब मांडला. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा नंबर, नंबर कमी तेवढा पत्रा जाड. अठरा गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरला जरा कमी, सोळा म्हणजे एक पूर्णांक सहा. अठरा इंची, थोडी फुगीर ढाल अठरा गेजमध्ये दीड-पावणेदोन किलो भरते, सोळामध्ये सव्वादोनपर्यंत जाते. वर फुलं, कड्या, गादी वेगळी. म्हणजे डाव्या हातात अर्धा किलो जास्त, तोही शरीरापासून लांब धरून. बोलता बोलता त्याचा हात कागदावर जॉबचा दर लिहायला गेलासुद्धा. नवीन ढालींची ऑर्डर कुणाला नको असते?

मी एक ढाल उचलली. रंग ओरखडलेला, पण पत्र्याला म्हणावा असा पोचा नव्हता. तिथंच मला खटकलं. पत्रा कमी पडला असता तर तो आधी बसला असता. पत्रा शाबूत आणि हात सुजलेले, म्हणजे पत्रा त्याचं काम करत होता आणि त्याच्यामागं काहीतरी करत नव्हतं. एका पोराचा हात बघितला. मधल्या बोटाचा सांधा सुजलेला, आणि मनगटाच्या हाडावर निळा डाग.

म्हटलं, "वस्ताद, गेज नंतर ठरवू. मला जरा हळद द्या कुणीतरी."

सांगलीत हळद मागितली तर मिळायला वेळ लागत नाही. चहाच्या टपरीवरून पुडी आली. मी ती पाण्यात कालवली आणि ढालीच्या मागच्या गादीवर जाड लेप दिला, आतल्या काठालाही फिरवली. दादा म्हणाला, "आता ढालीचं लगीन लावतेस काय?" पोरं खिदळली. मी त्या सुजलेल्या हातवाल्याला सोडून दुसऱ्याला ढाल धरायला लावली आणि वस्तादांना म्हटलं, "नेहमीसारखा वार घाला. आधी मधोमध, मग वरच्या काठावर."

त्यांनी हात आखडता घेतला नाही. मधोमध बसलेल्या वाराचा आवाज शेडभर घुमला. पोराची मूठ उलटी करून बघितली. बोटांच्या पाठीवर हळद सारखी पसरायला हवी होती. तशी पसरली नव्हती. मधल्या आणि अंगठीच्या बोटावर दोन गोल, गडद ठिपके. दुसरा वार वरच्या काठावर, आणि ढाल बिजागरीवर असल्यासारखी कलली. पिवळी रेघ थेट मनगटाच्या हाडावर.

गादी उसवली. रेक्झिनखाली बोटभर स्पंज, आणि स्पंजखाली गादी पत्र्याला आवळायला मारलेले दोन स्क्रू, नटासकट आत आलेले. स्पंज दाबला की सपाट होतो, अंगठ्यानं दाबला तरी कळतं. वार बसला की मूठ स्पंजमधून सरळ नटांवर. सीट कव्हरांच्या धंद्यात असला स्पंज आम्ही हेडरेस्टला घालायचो, बसायच्या गादीला कधी नाही. आणि पट्टे नायलॉनचे, सैल, दोन कड्यांमध्ये झोळीसारखे लोंबणारे. पोरगा एकच पट्टा धरत होता, दुसरा नुसता मनगटाला घासत होता.

आपल्याकडची गोल ढाल हातात बांधायची नसते, मुठीत धरायची असते. पुढच्या चार फुलांचे दांडे आरपार येऊन मागं चार कड्या धरतात. त्या कड्यांतून दोन पट्टे. दोन्ही पट्टे एकाच मुठीत एकत्र आवळायचे, की बोटांची पाठ गादीवर घट्ट टेकते आणि ढाल मुठीचाच भाग होते. हवी तशी वळवता येते, वार अडवायच्या ऐवजी घसरवून देता येतो. हे सगळं पट्ट्याच्या लांबीवर आहे. बोटभर जास्त झाला की ढाल कलते, कमी झाला की मूठच आत जात नाही.

मी हे सांगत होते तेव्हा वस्ताद गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्या तालमीतली जुनी ढाल अशीच हाय बगा. धरली की हलत न्हाई." आणि मोटारसायकलवर एका पोराला पिटाळलं.

तो येईपर्यंत चहा झाला. वस्तादांनी मिरजेच्या शिकलगारांचा विषय काढला. हत्यारांना धार-पाणी करणारी ही मंडळी, संस्थानी लढाया संपल्यावर हत्यारांचं काम आटलं तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या काहींनी तंबोरे-सतारी दुरुस्त करायला घेतल्या आणि पुढं करायलाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची मुळं ह्या तलवारीच्या धंद्यात आहेत. दादा म्हणाला, "ते तलवारीकडून तंबोऱ्याकडं गेले, आमची ही सीट कव्हरावरून ढालीवर आली." एरवी तो माझ्या कामावर एवढंही बोलत नाही.

ढाल लाल फडक्यात गुंडाळून आली. खंडेनवमीला पूजेत मांडतात ती. आणणारा पोरगा ती माझ्या हातात द्यायला जरा अडखळला, वस्तादांकडं बघितलं. ते खेकसले, "दे की. शिवणारी माणसं हायत ती." मी चपला काढल्या आणि घेतली.

कातडी ढाल. पूर्वी सगळ्यात भारी ढाल गेंड्याच्या कातड्याची समजत. आज 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो विषयच संपला आहे, मी म्हशीचं कातडं वापरते. दादाचे डोळे लगेच काठावर. काठ बाहेरच्या बाजूला वळवलेला होता. ढालीच्या फुगीर पाठीवरून घसरत आलेलं पातं त्या वळणावर अडून बाहेर जातं, मनगटावर किंवा तोंडावर उडत नाही. दांडपट्ट्यासमोर तर ते वळण लागतंच, कारण दांडपट्ट्याचं पातं लवतं आणि काठावरून आत यायला बघतं. दांडपट्टा 2024 साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला तेव्हापासून प्रत्येक पथकाला तो हवाच आहे, पण त्याच्यासमोर धरायच्या ढालीचा काठ कसा असावा हे विचारायला कुणी येत नाही.

मी मागं बघत होते. चार लोखंडी कड्या, दांड्यांची टोकं ठोकून चपटी केलेली, बोट फिरवलं तरी टोचत नाहीत. मध्ये चौकोनी गादी, मखमल झिजून जाळी झालेली. एका कोपऱ्यातून आतलं भरण दिसत होतं, दाबून दाबून भरलेली काळपट लोकर. अंगठा पूर्ण जोरानं रोवला तरी जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी आत गेली. आणि पट्टे! वाळून लाकूड झालेले, तरी दोन्ही बरोबर मध्यावर एकमेकांना टेकलेले. ज्याच्यासाठी ती बनवली त्याच्या हातापेक्षा माझा हात लहानच असणार, पण मूठ आवळली आणि ढाल हलवून बघितली, ती हलली नाही.

लोकर म्हटल्यावर आपल्याकडं लांब कुठं जायला नको. आटपाडी-जतकडची धनगरी घोंगडी. नवीन नको, वापरून, भिजून, वाळून घट्ट झालेली जुनी बरी. दादाच्या मशीनवर झाकण म्हणून टाकलेली एक होतीच. तिचे चौकोन कापले, चार थर एकावर एक, इंचाइंचावर उभे-आडवे टाके. चार थर मशीनखाली सरकेनात, मग आरी आणि मेणाचा दोरा घेऊन हातानंच. वर म्हशीचं मऊ कातडं. मधले स्क्रू काढून दादानं चपट्या डोक्याचे रिबीट मारले, आतून घासून सपाट केले. नायलॉन फेकून कातड्याचे पट्टे घातले, पोराची मूठ कड्यांमध्ये धरून तिथल्या तिथं मापून.

पुन्हा हळद, पुन्हा वार. ह्या वेळी चारी बोटांच्या पाठीवर सारखा पिवळा पट्टा. काठावरच्या वारालाही मनगट कोरडं. पोरानं हात झटकला, ढाल सावरली आणि म्हणाला, "आता ह्याच्यावर घाला बरं वस्ताद एक जोरात."

दादा चिलखताची कामंही करतो, त्यामुळे मला हे नवीन नव्हतं. कड्यांचं चिलखत पातं अडवतं, मार अडवत नाही. वीस-तीस हजार कड्या, प्रत्येक कडी चार कड्यांत अडकलेली, टोकं चपटी करून रिबीट मारलेली, अंगावर दहा किलोच्या आसपास. त्याच्यावर बोथट तलवार बसली तर कडी तुटणार नाही, बरगडी मात्र मोडू शकते, जर आत जाड अंगरखा नसेल तर. युरोपात लोक हौसेनं पूर्ण पोलादी चिलखतं घालून लढतात, तेही आत गोधडीसारखा शिवलेला डगला घालतात. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईनं सैनिकांच्या अशा डगल्यांबद्दल हुकूम काढला होता, तागाच्या कापडाचे पंचवीस ते तीस थर, आणि कापड वापरलेलं घ्या म्हणून. हे मी दादाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे राजालाही जुनी घोंगडीच पायजे होती."

आता खरी लढाई, म्हणजे पैशाची. वस्तादांना गादी पटली होती, दर पटत नव्हता. "मागं कोण बघतंय ताई? जरा रंग मारून फुलं चकाचक करा, आणि गाद्या तेवढ्या स्वस्तात बसवा." मी म्हटलं रंग मारूच नका. ओरखडे आहेत ते लढाईच्या ढालीला शोभतात. रंगाचे आणि पॉलिशचे पैसे गादीला लावा. नवीन सोळा गेजच्या ढालींची ऑर्डर अशा रीतीनं माझ्यामुळं गेली, आणि दादानं मला त्यावरून संध्याकाळपर्यंत बोलून घेतलं. पण दर वस्तादांनी मान्य केला. जाताना एकच अट घातली, घोंगड्या ते गावातून गोळा करून पाठवणार, मी विकतच्या लावून बिल वाढवायचं नाही.

घोंगड्या आल्या. काहींत अजून चारा अडकलेला. प्रत्येक पोराचा हात मागवून घेतला, म्हणजे कागदावर मुठीची आउटलाइन, कारण चपलेचा नंबर असतो तसा पट्ट्यालाही नंबर हवा. गादीखाली मार्करनं ज्याचं त्याचं नाव.

शिवजयंतीनंतर वस्तादांचा फोन आला. कुणाचा हात सुजला नाही हे त्यांनी उडत उडत सांगितलं. मुद्दा वेगळाच होता. तालमीच्या भर उन्हात घामानं गाद्या भिजल्या आणि आता सगळ्या खोलीत मेंढरांचा वास सुटलाय, त्याचं काय करायचं? धुवायला त्या निघत नाहीत. म्हणून सध्या मी रिबीट न मारता कडीला वादीनं बांधायची, सोडून उन्हात टाकता येईल अशी गादी करते आहे. वादी वाराला कितपत टिकते ते वस्ताद बघतील. हळदीची पुडी टेबलाच्या ड्रॉवरमध्येच ठेवली आहे.